आधी टोपलं टांग, मग दिवा

*ताई, मी तुमच्याहून लहान आहे, म्हणून 'तू'च म्हणा. आमचं कवेलूचं जुनं घर पाडून यंदा स्लॅबचं बांधलं. समोरचा हॉल १६ बाय १२, उंची १० फूट. मधोमध पंख्याचा हुक. रस्त्याकडच्या आखूड भिंतीला दार, समोरच्या आखूड भिंतीच्या मधून आत स्वयंपाकघरात जायची वाट. उजव्या लांब भिंतीला सोफा येईल, डाव्या भिंतीच्या खिडकीत कूलर, दाराजवळ डाव्या बाजूला बंगई. बंगईची कडी स्लॅब टाकतानाच सोडली आहे. मला वरून लोंबणारे ३ दिवे हवेत. मोबाइलवर पाहिले तेव्हापासून मनात बसलेत. वायरमन म्हणतो, पंख्याच्या भोवती तीन लावून देतो, झकास दिसतील. आमचे हे म्हणतात, दोन ट्यूबलाईट पुरे. आई (सासूबाई) म्हणतात, डोक्यावर लोंबणारं काही नको, आणि पिवळा उजेड तर नकोच नको. दसऱ्याला घरभरणी आहे, रंग अजून व्हायचा आहे. सोबत नकाशा काढून पाठवते.*

*ता. क. बाबांना सांजच्याला पेपर वाचायला उजेड कमी पडतो. ते सोफ्यावर आतल्या टोकाला बसतात.*

*— एक सून, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ*

तुझा नकाशा फार आवडला. वहीच्या रेघांच्या पानावर पट्टीनं काढलेला, बंगईच्या साखळ्यासुद्धा कडी-कडी दाखवलेल्या. दार आहे, खिडकी आहे, कूलरला पाण्याची नळीही आहे. माणूस मात्र एकही काढलेला नाहीस. तो आलाय ताजा कलममध्ये, घाईघाईत. आणि तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याच ओळीत आहे.

पण आधी वायरमनचं बघू, कारण तो उद्या येऊन ड्रिल लावेल. त्याला थांबव.

पंख्याभोवती दिवे लावण्याचा प्रयोग मी स्वतःच्या घरी करून बसले आहे. काचेच्या घंटेसारखे तीन दिवे, पंख्याच्या तिन्ही बाजूंना. डोक्याला लागू नयेत म्हणून वायर आखूड ठेवली, म्हणजे बल्ब गेले पंख्याच्या पात्यांच्या वर. पहिल्याच संध्याकाळी पंखा सुरू केला आणि खोली लुकलुकायला लागली. पातं बल्बखालून गेलं की सावली, सरकलं की उजेड, असं सेकंदाला कितीतरी वेळा. सासरे पेपर घडी करून उठले आणि म्हणाले, "नाटकाच्या मंडपात बसल्यासारखं वाटते." तेवढ्यावर निभावलं असतं. एप्रिलात कूलर लागला आणि रात्रभर किणकिण, किणकिण. घंटेची काच आतल्या होल्डरला लागत होती. महिनाभरात एक घंटा फुटली, उरलेल्या दोन मीच उतरवल्या. लावणाऱ्याला बोल लावून उपयोग नव्हता, जागा मीच दाखवली होती.

आता तुझ्या हॉलचा हिशोब कर. साधा ४८ इंची पंखा म्हणजे मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत २ फूट. टोकापासून दिव्यापर्यंत निदान २ फूट मोकळे हवेत. झाले ४. तुझी रुंदी १२, म्हणजे पंख्यापासून भिंत ६ फुटांवर. दिवा ४ फूट सरकवलास की तो भिंतीपासून २ फुटांवरच येतो. म्हणजे 'पंख्याच्या भोवती' अशी जागा तुझ्या हॉलमध्ये नाहीच मुळी. त्यातून तिघांतला एक दिवा बंगईच्या पुढ्यात येणार. पोट्टे बंगईवर उभं राहून झोके घेतात, हे मी तुला सांगायला नको.

आपल्याकडच्या हॉलचा मध्य हा पंख्याचा. चार महिने तोच घर जगवतो. तो त्याला सोडून दे.

मग दिवा कुठे? बाबा बसतात तिथे. सोफ्याच्या आतल्या टोकाला, उजव्या कोपऱ्यात एक तिपाई ठेव आणि तिच्यावर दिवा सोड. दोन्ही भिंतींपासून २-२ फूट. पंख्यापासून हा कोपरा ७ फुटांवर पडतो. कूलर सोफ्यासमोरच्या भिंतीत असला तरी त्याचा सरळ झोत सोफ्याच्या मधल्या भागावर येतो, कोपऱ्यात येतो तो भिंतीला आपटून पसरलेला, दमलेला वारा. तेवढ्यानं कागदी कंदील हलेल, पण किलो-दीड किलोची पत्र्याची छत्री हलणार नाही. शिवाय तिथून कोणी चालत जात नाही, म्हणून दिवा खुशाल खाली सोडता येतो. लोंबत्या दिव्याची सगळी मजा खाली सोडण्यातच आहे. छताला चिकटलेला असेल तर मग साधा होल्डर काय वाईट?

उंचीचं सांगते. जिथून माणसं ये-जा करतात तिथे दिव्याचा खालचा काठ ७ फुटांच्या खाली येता कामा नये. तुझ्याकडे पाहुणे डोक्यावर पोतं घेऊन थेट आत जाणारे असतील तर तेही कमीच. पण तिपाईवर, कोपऱ्यात, साडेचार फूट चालेल. म्हणजे तिपाईपासून साधारण ३ फूट वर. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात. त्याला उजेड पेपरवर पडलेला दिसला पाहिजे, बल्ब दिसता कामा नये. त्यासाठी छत्री खोल हवी, बल्बचं टोक काठापासून ४-५ इंच आत राहील अशी. दुकानात पसरट, ताटलीसारख्या छत्र्या छान दिसतात. घरी त्या डोळ्यांत खुपतात.

आकाराचा एक नियम तुला कोणीतरी सांगेल: खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मिळवायची, जेवढा आकडा येईल तेवढे इंच दिव्याचा व्यास. तुझे १६ आणि १२ म्हणजे २८ इंच. नियम खोटा नाही, पण तो मधोमध एकच मोठं झुंबर लावणाऱ्यांसाठी आहे. तुझ्या कोपऱ्याला १२ ते १४ इंच पुरेत.

हे सगळं माझ्यावर विश्वास ठेवून करू नकोस. बाजारात जाण्याआधी घरातलं १२-१४ इंची टोपलं घे, भाकरीचं असेल तरी चालेल. काठाला तीन ठिकाणी सुतळी बांध, पालथं कर आणि त्या कोपऱ्यात वर तात्पुरता खिळा मारून टांग. मोबाइलचा टॉर्च लावून तो आतून खाली तोंड करून बांध. सोफा अजून आला नसेल तर खुर्ची ठेव. संध्याकाळी बाबांना पेपर घेऊन तिथे बसव आणि सुतळी एकेक मूठ वर-खाली करत जा. ते "हां, आता ठीक आहे" म्हणतील तिथे गाठ मार. मग ते टोपलं आठ दिवस तसंच राहू दे. झाडताना कुंच्याचा दांडा लागतो का, पोट्टी तिपाईवर चढते का, गादी काढताना कोणाचा हात लागतो का, सगळं कळतं. मी एकीकडे हे करायला लावलं तर तिसऱ्या दिवशी टोपलं खाली आलं होतं, कारण घरधनी रोज तिथेच उभं राहून शर्ट घालायचे. दिवा असता तर?

आता एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मी विचारणार. दिवाळीनंतर कापूस कुठे भरणार?

जुन्या घरात समोरच्या खोलीत भरत असाल. नवीन घरात 'हॉलमध्ये नाही भरायचा' असं आज सगळे म्हणत असतील. भाव पडला आणि गंजी वाढत गेली की हॉलच उरतो, हे मी चांगल्या चांगल्या बंगल्यांत पाहिलं आहे. साडेचार फुटांवरचा दिवा मग कापसात बुडणार. एलईडी बल्ब जुन्या पिवळ्या बल्बसारखा पोळत नाही हे खरं, पण होल्डर ढिला असेल तर ठिणगी पडायला वेळ लागत नाही, आणि कापसाला ठिणगीच पुरते. म्हणून दोन गोष्टी पक्क्या कर. वायर लांब घे आणि कोपऱ्यात वर एक जादा आकडा मारून ठेव, म्हणजे कापूस आला की दिवा उचलून त्याला अडकवता येईल. आणि या दिव्याचं बटण वेगळं ठेव, कापूस आहे तोवर ते बंद, बल्ब काढलेला. बोर्डावर दोन दिवे एका बटणावर घेतलेस तर हे जमणार नाही.

कापसावरूनच छत्री कशाची घ्यायची ते ठरतं. सुतळी विणलेली, काथ्याची, दोऱ्यांची छत्री घेऊ नकोस. कापसाचे तंतू आणि तुरीच्या मळणीची धूळ तिच्यात अशी बसते की मार्चपर्यंत तिला केस फुटतात. काचेचा बंद गोळाही नको. पावसाळ्यात पाखरं आत शिरतात आणि तळाशी काळा थर साचतो. तुझ्या पत्रावरसुद्धा एक पाखरू चिकटून आलं आहे. खाली तोंड उघडं असलेली, आतून पांढरी, बाहेरून कुठल्याही गडद रंगाची पत्र्याची छत्री घे. ओल्या फडक्यानं पुसली की झालं. आतला पांढरा रंग उजेड खाली फेकतो. आतून काळी किंवा तांब्याच्या रंगाची छत्री दिसायला झोकदार, पण निम्मा उजेड तीच खाते.

बांबूचा मोह तुला होईलच, मलाही होतो. आपल्याकडे चंद्रपूरजवळ चिचपल्लीला आणि मेळघाटात लवाद्याला बांबूची कामं शिकवतात, करतात. गावातला बुरूडही नमुना दाखवला तर सुरेख छत्री विणून देईल. घ्यायची तर ती वाचायच्या कोपऱ्यात नको, कारण जाळीतून सावल्यांच्या पट्ट्या पेपरवर पडतात. आणि विचारून घे, बांबूवर बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया केली आहे का. न केलेल्या बांबूला भुंगा लागतो आणि वर्षभरात तिपाईवर पिठासारखा भुसा पडू लागतो.

अशी छत्री कुठे लावशील ते सांगते. आतल्या भिंतीला डावीकडे जो दुसरा कोपरा आहे, तिथे महालक्ष्म्या बसवणार ना? मखर, ज्येष्ठा-कनिष्ठा, समोर फराळाची ताटं, सगळं धरून ती जागा तीन दिवस पाय ठेवायला उरत नाही. त्या कोपऱ्यात एक पॉइंट काढून ठेव. एरवी बांबूचा दिवा ६-७ फुटांवर राहू दे, महालक्ष्म्यांच्या वेळी वर उचल किंवा उतरवून ठेव. मुखवट्यांच्या डोक्याशी दिवा आला तर आई तो त्याच दिवशी काढायला लावतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

झाले दोन. तिसरा घेऊ नकोस. ते पैसे तुझ्या नवऱ्याला दे आणि सांग, तुमच्या दोन ट्यूबलाईट आणा. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. लोंबता दिवा कोपरा उजळतो, हॉल नाही. पाहुण्यांनी घर भरलं, तांदूळ निवडायचे आहेत, कोणाच्या पायात काटा गेला, तेव्हा २०-२० वॉटच्या दोन एलईडी ट्यूब हव्यातच. दोन्ही लांब भिंतींवर एकेक, साडेसात फुटांवर, म्हणजे पंख्याच्या पात्यांच्या खाली. इतकंच.

आता पिवळा उजेड. तुझ्या सासूबाई का नको म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे. आपल्या पिढ्यांनी पिवळा उजेड पाहिला तो व्होल्टेज पडल्यावर. शेतीचे पंप सुरू झाले की बल्बमधली तार लालसर दिसायची, मुलं डोळे ताणून अभ्यास करायची. पिवळा म्हणजे गरिबी, पांढरा म्हणजे लाईन नीट आली. त्यांना समजावत बसू नकोस, दाखव. बल्बच्या खोक्यावर आकडा आणि पुढे के असतो. आपल्या दुकानात बहुतेक ६५०० के मिळतो, तो निळसर पांढरा. तू २७०० किंवा ३००० के, म्हणजे पिवळसर, मागून घे, नसेल तर मागवायला लाव. दोन्ही ९ वॉटचेच घे आणि टोपल्यात एकामागून एक लावून दाखव. उजेड दोघांचा जवळपास सारखाच, ८००-९०० ल्युमेन, फरक फक्त रंगाचा. मग आईंच्या हातातल्या पाटल्यांवर आधी एक, मग दुसरा उजेड पाडून बघायला सांग. सोनं कुठल्या उजेडात सोन्यासारखं दिसतं ते त्याच सांगतील. आणखी एक फायदा त्यांना पटेल: पिवळसर उजेडाकडे पाखरं कमी येतात. आषाढ-श्रावणात ताटात पाखरू पडण्यापेक्षा पिवळा परवडला. ट्यूब पांढऱ्याच राहू देत, म्हणजे दोघींचंही राहिलं.

दिवा घेताना उलटा करून बघ, बल्ब बदलता येतो का. हल्ली बरेच दिवे असे येतात की एलईडी आत कायमची बसवलेली असते. व्होल्टेज वर-खाली होऊन ती गेली, आणि आपल्याकडे ती जाते, की सगळा दिवा भंगारात. बल्बवाला घे. होल्डर पिनचा आहे की चुडीचा (बल्ब फिरवून बसवायचा) तेही बघ. शोभेच्या दिव्यांना बहुतेक चुडीचा असतो, गावातल्या किराणा दुकानात मिळतो तो पिनचा. चुडीचाच आला तर तालुक्याहून दोन बल्ब जास्तीचे आणून ठेव. खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट असं काहीसं छापलेलं असेल तर उत्तम, तो बल्ब चढ-उतार सोसतो. उजेड कमी-जास्त करणारं बटण घ्यायचं असेल तर बल्बही त्यासाठीचाच लागतो. जुन्या पंख्याचा रेग्युलेटर जोडून देतो असं वायरमन म्हणाला, तर नको म्हण.

बसवण्याचं काम रंगाच्या आधी उरकून घे. कोपऱ्यात स्लॅबमध्ये पाइप टाकलेला नसणार, तरी काही बिघडत नाही. बटणापासून भिंतीत झिरी मारून पाइप छतापर्यंत न्यायचा, पुढे छतावरून २ फूट केसिंग पट्टी, रंगात ती मिसळून जाते. दिव्याचं वजन वायरवर येऊ द्यायचं नाही, आकड्यावर आलं पाहिजे. हलक्या दिव्याला स्लॅबमध्ये प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू चालतो, दोन किलोच्या वर असेल तर लोखंडी फास्टनर मारून घे. लाकडाची खुंटी ठोकून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठव. दिवा लावण्याआधी त्याच आकड्याला दिव्याच्या तिप्पट वजनाची पिशवी एक रात्र टांगून ठेव. आणि छत्री पत्र्याची आहे, म्हणून दोन नाही, तीन वायरी ओढायला सांग. तिसरी हिरवी, अर्थिंगची, छत्रीच्या धातूला जोडलेली. घराची अर्थिंग खरंच जमिनीत गेली आहे का हेही त्याच दिवशी तपासून घे. बाबा हात वर करून दिवा सरकवतील, पायात चप्पल नसेल, खाली ओली फरशी असेल. इथे शंभर-दोनशे रुपये वाचवायचे नाहीत.

राहिलं आईंचं 'डोक्यावर लोंबणारं नको'. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एवढंच विचार, जुन्या घरात तुम्ही कंदील कुठे टांगायच्या? कवेलूच्या घरात वाशाला तारेचा आकडा असायचाच. एकच कंदील अख्ख्या घराला पुरवायचा, म्हणून तो कोणी खोलीच्या मधोमध टांगत नसे. जिथे भाकरी थापायची, जिथे मुलं लिहायला बसायची, जिथे म्हाताऱ्याची खाट, तिथे, हात पुरेल इतका खाली. काम सरकलं की कंदील सरकायचा. तू तेच करते आहेस, रॉकेलच्या वासाशिवाय. त्या सांगतील ती उंची टोपल्याच्या गाठीशी ताडून बघ, फार फरक निघणार नाही.

आणि तो आकडा जुन्या वाशांबरोबर भंगारात गेला नसेल तर शोधून काढ. गंज घासून, रंग मारून जादाचा आकडा म्हणून तोच बसवता येईल, कापसाच्या दिवसांत दिवा अडकवायला.